बॅनरवरची पाच पोरं

हे लिहायचं नव्हतंच मला. दोनदा मोबाईलवर टाइप केलं, दोनदा पुसलं. म्हणलं, जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे, माणसं म्हातारी झाली, कशाला उकरायचं. पण परवा सोनटक्के सरांचा निरोप समारंभ झाला आणि गावच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला. शाल, नारळ, फेटा, सगळं. भाषण करणाऱ्यानं माईक तोंडाला लावून सांगितलं, "सरांच्या काळात आपल्या शाळेतली पाच लेकरं एकाच वर्षी प्रज्ञा विद्यालयाला लागली!"

टाळ्या.

लागली नव्हती. म्हणून लिहितोय. जमेल तसं, तुकड्यातुकड्यानं.

तो बॅनर लागला त्या दिवशी मी आणि माझ्या वर्गातली गंगासागर शाळेतून येत होतो. ग्रामपंचायतीसमोर गर्दी. भुजंगमामानं आपल्या हॉटेलातला स्टूल आणून त्यावर चढून बॅनरची दोरी बांधली होती आणि खाली उतरून तोच आता डोकं खाजवत उभा होता.

"मुंजा, हिकडं ये रं. तू आठवीतच हायेस ना?"

"हाव."

"मग सांग बरं, ह्यो गोरा गोरा कुनाचा?"

बॅनरवर वर सरपंचाचा फोटो, हात जोडून. खाली पाच पोरांचे फोटो. 'जिल्हा परिषद शाळा जांभळदरा येथील गुणवंत विद्यार्थ्यांचे हार्दिक अभिनंदन.' मी नावं वाचली. शौनक, रिद्धी, तनय, पार्थ, स्वरा.

"आमच्या वर्गातली हायेत," मी म्हणलं.

"कवा आली? म्या तर येकाला बी कवा बिस्किट इकलं न्हाई."

"आमी बी न्हाई बघितली."

"म्हंजे सरपंच तेवढा वळखू येतो," भुजंगमामा म्हणाला, "बाकी समदं वऱ्हाड परगावचं."

लोक हसले. गंगासागर हसली नाही. ती बॅनरकडं बघत होती. तिची मान एकेका फोटोवर थांबत थांबत पुढं सरकली आणि मग ती माझ्याकडं वळली.

"पाच जागा, मुंजा. मला पाच नगं होत्या. येकच पायजे होती."

काय झालं होतं ते नीट सांगतो.

आमच्या गावची शाळा आठवीपर्यंत. नववीला जायचं तर नदीपलीकडचं हायस्कूल. एसटी नाही. पोरं सायकलीवर जायची, पावसाळ्यात अर्धे दिवस घरी बसायची. पोरी जायच्याच नाहीत. आठवी झाली की पोरगी घरी, आणि घरी बसलेली पोरगी नातेवाइकांना लगेच दिसायला लागते. गंगासागरच्या चुलत्यानं एक स्थळ बघूनही ठेवलं होतं. त्यानं सरळ सांगितलेलं, "परीक्षेत नंबर लागला तर खुशाल शिक. न्हाई लागला तर गुमान बोलावू त्या पाव्हण्यांना."

परीक्षा म्हणजे प्रज्ञा विद्यालयाची. सरकारी शाळा, जिल्ह्याला एकच. नववी ते बारावी, राहणं खाणं पुस्तकं सगळं फुकट, आणि तिथून निघालेली पोरं पुढं कुठल्या कुठं जातात. तिथं काही जागा शहरातल्या पोरांना आणि काही खास खेड्यातल्यांना. खेड्यातल्या म्हणजे पाचवीपासून खेड्यातल्या शाळेत बसून शिकलेल्या. आमच्या तालुक्याला अशा पाच जागा.

मी आणि गंगासागरनं परीक्षा दिली. मी गणितात पार आडवा झालो. ती वेटिंग लिस्टला पहिली आली. म्हणजे पाचातलं एक नाव गळालं की तिचं नाव लागणार.

आणि ती पाचच्या पाच नावं आमच्याच शाळेची निघाली.

नावं आम्हाला माहीत होती. रोज सकाळी कदम सर हजेरी घ्यायचे, तेव्हा ती पाच नावं आली की सर आवाज न काढता पेन फिरवायचे आणि पुढं जायचे. आम्हाला वाटायचं, गाव सोडून गेलेली जुनी पोरं असतील, नावं तेवढी राहिली असतील. ती तालुक्याला पांढरपट्टे सरांच्या 'शिखरदीप' क्लासमध्ये बसतात, ते आम्हाला बॅनर बघून कळलं. शहराच्या यादीत गर्दी फार, म्हणून नाव खेड्यात आणि अभ्यास तालुक्याला.

तीनचार दिवसांनी सोनटक्के सर आमच्या वर्गात आले. ते आमचे मुख्याध्यापक. त्यांच्यासोबत पांढरपट्टे सर, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"उद्या प्रज्ञा विद्यालयाच्या यादीच्या पडताळणीला मॅडम येणार आहेत," सोनटक्के सर म्हणाले. "आपले पाच विद्यार्थी उद्या वर्गात असतील. ते कुठले आहेत?"

पोरं पायाकडं बघायला लागली.

"कुठले आहेत म्हणतो मी?"

"आपल्या वर्गातले आहेत, सर," पोरं एका सुरात म्हणाली.

पांढरपट्टे सर गोड हसले. "शाब्बास. गावाचं नाव निघालं की तुमचंच नाव निघतं, बाळांनो."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, मग ती रोज का येत नाहीत?"

सोनटक्के सरांनी मला ऑफिसात नेलं. मला वाटलं मारतील. त्यांनी खुर्ची दिली. त्या ऑफिसात खुर्चीवर मी त्याआधी कधी बसलो नव्हतो आणि नंतरही नाही.

"मुंजाजी, पट म्हणजे काय माहीत आहे?"

"शाळेतली पोरं."

"पोरांची संख्या. ती कमी झाली की सरकार एक शिक्षक काढून घेतं. आपल्या शाळेचा पट काठावर आहे. ती पाच नावं आहेत म्हणून कदम सर इथं आहेत. कदम सर गेले तर गणित कोण शिकवणार? मी?"

ते खोटं बोलत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. माणूस खोटं बोलत असला की भांडायला सोपं जातं.

"आणि त्या गंगासागरला सांग," ते उठता उठता म्हणाले, "चंद्रकलाबाईंचं खिचडीचं काम कमिटी दरवर्षी नव्यानं ठरवते. तिला म्हणावं, आईचा विचार कर."

चंद्रकलामावशी म्हणजे गंगासागरची आई. शाळेची खिचडी तीच शिजवायची.

संध्याकाळी हापशावर गंगासागर भेटली. मी तिला सगळं सांगितलं. ती हापसत राहिली. घागर भरून वाहायला लागली तरी हापसत राहिली.

"म्या न्हाई बोलनार," ती म्हणाली. "आईची चूल हाय."

"मग मी बोलतो. माझी आई कुठं खिचडी शिजवते?"

"तू बोललास तरी नाव माजंच हुईल. म्हनतील, हिनंच बोलाया लावलं."

"म्हणू दे."

"तुला म्हनू दे म्हनाया काय जातंय? तू घरी जाऊन भाकर खाशील." तिनं घागर उचलली आणि परत खाली ठेवली. "शपथ घे. मॅडमसमोर तोंड उघडायचं न्हाई. माजी शपथ."

मी घेतली. मनापासून नाही, पण घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी जीप शाळेच्या मागं येऊन थांबली आणि पाच पोरं उतरली. आमच्यासारखाच निळा-पांढरा गणवेश, पण नवा. घडीच्या रेघा दिसत होत्या. पांढरपट्टे सरांनी मातीत हात घालून एकाच्या बुटाला माती लावली. मी डोळ्यानं बघितलं. बुटाला लावली, बाकी पोरगा तसाच चकचकीत.

ती वर्गात आली आणि आमच्यामध्ये एकेक बसवली. माझ्याशेजारी शौनक आला. त्याच्याजवळ कागद होता आणि तो डोळे मिटून पुटपुटत होता.

"काय आहे?" मी विचारलं.

"संभाव्य प्रश्न," तो म्हणाला. "तुमच्या गावावरचे."

"दाखव की."

"तुला कशाला? तुला येतच असतील."

मॅडम आल्या. वाघमोडे मॅडम. उंच, सावळ्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. वर्गात फिरत फिरत विचारायला लागल्या.

"शाळा कधी सुरू झाली?"

पाच हात वर. "एकोणीसशे अठ्ठावन्न, मॅडम."

"गावातून कोणता ओढा जातो?"

पाच हात. "सरस्वती ओढा, मॅडम."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आम्ही त्याला नुस्तं वढा म्हणायचो. त्याला नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"गावची लोकसंख्या? ग्रामदैवताची यात्रा कोणत्या महिन्यात? मुख्याध्यापक या शाळेत कधी रुजू झाले?"

सगळं पाठ. घोकून घोकून गुळगुळीत केलेलं. पांढरपट्टे सर दाराबाहेर उभे होते आणि प्रत्येक उत्तराला त्यांची मान हलत होती. परीक्षेची तयारी करवावी तशी त्यांनी आमच्या गावाची तयारी करवली होती.

मग मॅडमनी गंगासागरला उठवलं. ती खिडकीजवळ होती, अंगावर जुना गणवेश, आखूड झालेला.

"तू सांग. ग्रामपंचायतीची स्थापना कधी झाली?"

"न्हाई माहीत, मॅडम."

"गावचं क्षेत्रफळ?"

"न्हाई माहीत."

"तू कितवीपासून आहेस या शाळेत?"

"पयलीपासून."

मॅडमनी चष्मा डोळ्याला लावला. तिच्याकडं नीट बघितलं. मग सोनटक्के सरांकडं वळल्या. "ही मुलगी नक्की इथलीच आहे ना? तक्रार आली होती की बाहेरची मुलं बसवतात म्हणून. बसवलेली ती हीच नाही ना?"

सोनटक्के सर हसले. "इथलीच आहे, मॅडम. थोडी मंद आहे."

थोडी मंद.

गंगासागर खाली बसली. तिनं मान खाली घातली नाही, समोर फळ्याकडं बघत राहिली. पाढ्यांच्या पुढं जाऊन जी पोरगी कदम सरांनाच उलटं विचारायची, ती मंद. कारण तिला तिच्याच गावाचं क्षेत्रफळ पाठ नव्हतं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे. काही अडचण दिसत नाही."

संपलं होतं. सह्या व्हायच्या, जीप निघायची, तिच्या चुलत्याचे पाव्हणे यायचे.

बाहेरून पहिलीच्या लेकरांचा कालवा येत होता. भूक लागली होती त्यांना. खिचडी कधीच शिजली होती, वास वर्गात येत होता. पण सोनटक्के सरांनी सकाळीच सांगितलं होतं, मॅडम गेल्याशिवाय जेवणाची घंटा द्यायची नाही. मॅडम जेवणापर्यंत थांबल्या तर डाळ बघतील, तांदूळ बघतील, अशी त्यांची भीती. त्यांची भीती खिचडीपुरतीच होती. दुपारी आमच्या शाळेत घंटेनंतर काय होतं, हे ते कधी बघायचेच नाहीत. त्या वेळी ते ऑफिसात दार लावून डबा खायचे.

मला त्या वासात एकदम सुचलं.

मी उठलो. "मॅडम, पानी पिऊन येऊ?"

"जा."

गंगासागरनं माझ्याकडं बघितलं. शपथेची आठवण करून देणारं बघणं. मी तोंडावर बोट ठेवलं. तोंड उघडणार नव्हतोच.

व्हरांड्याच्या टोकाला लोखंडाचा रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. मी खालचा बोल्ट उचलला आणि जीव खाऊन वाजवली.

आता इथं आमच्या शाळेची एक रीत सांगावी लागेल. शाळेच्या मागं विहीर आहे, तिला कठडा नाही. फार पूर्वी एक लेकरू जेवणाच्या सुट्टीत तिच्यात पडलं होतं. तेव्हापासून पहिलीतलं प्रत्येक लेकरू आठवीतल्या एकाच्या हवाली. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरंच वाटणी करून घ्यायची. जेवणाची घंटा झाली की लेकरानं आपल्या दादाकडं नाहीतर ताईकडं पळत यायचं, बोट धरायचं, आणि त्यांनी त्याला हात धुवायला न्यायचं, जेवायला बसवायचं, नाक पुसायचं, ताट धुवायचं. बोट धरल्याशिवाय लेकराच्या ताटात पळी पडत नसे. आम्हाला त्यात विशेष काही वाटायचं नाही. आम्हीपण असंच कुणाचं तरी बोट धरून मोठे झालो होतो.

घंटा झाली आणि पहिलीचं दार फुटल्यासारखं झालं. ताटं वाजवत सगळी लेकरं आठवीच्या वर्गात घुसली. मॅडमच्या साडीला धडकून, सोनटक्के सरांच्या पायातून.

"ए दादा!" "ताई, चल की!" "भूक लागलीया!"

माझा पिराजी मला वर्गात सापडला नाही म्हणून भोकाड पसरत व्हरांड्यात आला आणि माझं बोट धरून गप्प झाला. मी त्याला घेऊन दारात आलो. गंगासागरच्या दोन्ही हातांना दोघी लोंबकळत होत्या. तिच्या वाट्याला दोन पोरी होत्या. एकीनं शेंबूड तिच्या ओढणीला पुसला. आठवीचा एकेक पोरगा, पोरगी आपापल्या लेकराला धरून उभी.

आणि मध्ये पाचजण. नव्या कपड्यातले. त्यांच्याकडं कुणीच आलं नाही.

वर्गात एवढा गोंधळ, आणि त्या पाचांच्या भोवती तेवढी मोकळी जागा. लेकरं त्यांना वळसा घालून जात होती, आपण परक्या माणसाला घालतो तसा.

मॅडम बघत होत्या. त्यांनी पेन पर्समध्ये टाकलं होतं, ते परत काढलं.

"हे काय आहे?" त्यांनी पिराजीला विचारलं.

"बोट," पिराजी म्हणाला. "दादाचं बोट धरल्याबिगर खिचडी न्हाई. मागं हीर हाय."

"सगळ्यांना दादा-ताई असतात?"

"हाव."

मॅडम वाकल्या. शौनककडं हात करून त्यांनी विचारलं, "मग हा दादा कुणाचा आहे?"

पिराजीनं शौनकला खालपासून वरपर्यंत बघितलं. डोळ्यातलं पाणी अजून सुकलं नव्हतं.

"त्यो दादा न्हाई," तो म्हणाला. "त्यो पाव्हणा हाय."

पांढरपट्टे सर आत आले. "मॅडम, मी सांगतो. ही मुलं जरा नवीन आहेत ना, म्हणून लहान मुलांना—"

"नवीन?" मॅडम म्हणाल्या. "पटावर तर पाचवीपासूनची आहेत."

"म्हणजे, नवीन म्हणजे—"

"मुख्याध्यापक, तुम्ही सांगा. यांची लेकरं कुठं आहेत?"

सोनटक्के सरांनी घाम पुसला. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते, माझ्या हातातल्या बोल्टकडं. मी बोल्ट लपवला नाही.

मॅडमनी रिद्धी नावाच्या पोरीला विचारलं, "बेटा, जेवायला ताट आणलंस?" ती रडायलाच लागली. "मला माहीत नव्हतं. सरांच्या नोट्समध्ये नव्हतं."

मॅडम खुर्चीवर बसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

"लेकरांना वाढा आधी," त्या म्हणाल्या. "मग बोलू. मी इथंच आहे."

चंद्रकलामावशीनं वाढलं. मॅडमनापण वाढलं. मॅडम जेवल्या. पाचजणांनाही मावशीनं पत्रावळीवर वाढलं, आणि जास्तच वाढलं. "खा रं लेकरांनो," ती म्हणाली. "पाव्हण्यानं उपाशी जाऊ नये."

मी पिराजीचं ताट धूत होतो तेव्हा शौनक हापशाजवळ आला.

"तू मुद्दाम केलंस."

"हो."

"मी दोन वर्षं अभ्यास केलाय. पहाटे उठून. माझे मार्क माझे आहेत, कॉपी नाही केली मी."

"माहितेय मला."

"मग?"

"मग शहराच्या यादीत जागा घे की. तुझे मार्क तिथं चालत नाहीत का?"

त्यानं बुटानं माती उकरली. मग हळूच म्हणाला, "तिथं माझ्यापेक्षा भारी पोरं आहेत."

"म्हणून आमच्यापेक्षा भारी व्हायला इथं आलास?"

त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं हाणतो आता. पण तो म्हणाला, "मला कुणी विचारलं नव्हतं. सर म्हणाले, सगळे असंच करतात."

"हिला बी कुणी विचारलं नव्हतं," मी म्हणलं. गंगासागर पलीकडं भांडी घासत होती. "ती वेटिंगला पहिली आहे. क्लास नाही, पुस्तक एकच, तेही माझ्यासोबत वाटून घेतलेलं. तिला तुम्ही मंद म्हणवलं आज."

त्यानं तिच्याकडं बघितलं. नंतर जीपचा हॉर्न वाजला आणि तो गेला. तो हुशार होता, हे मी लिहिलं पाहिजे. पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही. बरं झालं असावं.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. सोनटक्के सरांनी मला वर्गासमोर उभं करून विचारलं, घंटा का दिलीस.

"भूक लागली होती, सर."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

छडी बसली. मोजली नाही. हात सुजला तरी मला आतून हसू येत होतं आणि ते त्यांना दिसत होतं, म्हणून आणखी बसली. सरपंचानं माझ्या बापाला बोलावून सांगितलं, तुमच्या पोरानं गावाची अब्रू घालवली. बाप माझा कमी बोलणारा. तो म्हणाला, "जेवायची घंटा दिली त्यानं. आब्रू कशी काय जाती खिचडीनं?" आणि घरी आला. घरी येऊन मात्र त्यानंही एक ठेवून दिली. "पुढल्या टायमाला आधी मला सांगायचं," म्हणाला. "मी बी आलो असतो."

पाच नावं यादीतून निघाली. वेटिंगची पहिली पाच वर सरकली. गंगासागरचं नाव लागलं. चुलत्याचा शब्द होता, त्याला पाळावा लागला.

चंद्रकलामावशीचं काम गेलं. कमिटीनं दुसरी बाई नेमली. गंगासागर घरी येऊन म्हणाली, मी जात नाही. मावशी पिठाच्या हातानं उठली आणि तिनं पोरीला भिंतीला लावलं. "म्या काय खिचडी शिजवायसाठी जल्माला आले व्हय गं? लोकाच्या शेतात जाईन. तू जर न्हाई गेलीस ना, तर त्या पोराच्या सुजल्या हाताला काय सांगू?"

आणि पट कमी झाला. शाळेचा एक शिक्षक गेला. कदम सर.

सोनटक्के सरांनी सांगितलं होतं तसंच. गावात मला लोक अडवून सांगायचे, बघ, झालं का समाधान? पोरांचा गणिताचा मास्तर घालवलास. मी उत्तर द्यायचो नाही. उत्तर होतं, पण तोंडात बसत नव्हतं. पाच खोट्या पोरांच्या जिवावर एक खरा मास्तर टिकवायचा, आणि तो मास्तर ज्या पोरीला शिकवतो तिचीच जागा त्या पाचांना द्यायची, तर मग तो मास्तर शिकवतो कशासाठी? एवढंच मला म्हणायचं होतं. आज म्हणतोय.

गंगासागर जायची त्या सकाळी मी तिची पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधून फाट्यापर्यंत नेली. मावशी आणि चुलता मागून येत होते. फाट्यावर जीप यायची होती. आम्ही दोघं दगडावर बसलो.

"लोकं म्हनतील," ती म्हणाली, "ही पोरगी घंटेवर पास झाली."

"म्हणू दे. तिथं गेल्यावर गणिताचा पेपर येईलच की. त्यांना दाखव घंटा."

हसली.

"मुंजा, कदम सर गेले."

"माहितेय."

"सोनटक्के सर त्या बाबतीत खरं बोलत व्हते."

"होते."

"मंग आता? पुढल्या वर्षीच्या आठवीनं काय करायचं? पांढरपट्टे सराला दुसरं गाव घावंल. हितल्या पोरांना कोन शिकवनार? म्या चालले. तू घंटा वाजवून मोकळा."

"मोकळा कशाचा."

"मंग कोन शिकवनार सांग ना."

"मी."

तिनं माझ्याकडं बघितलं. छडी खाल्लेल्या हाताकडं बघितलं. "तू? गनित? तुज्या पेपरात काय झालं व्हतं इसरलास व्हय रं?"

"नाही विसरलो."

"चेष्टा करू नगं. म्या खरं इचारायले."

लांब जीपची धूळ दिसायला लागली. चुलत्यानं हात केला. ती उठली. मी पेटीची दोरी सोडत होतो, गाठ काही सुटत नव्हती, आणि मला रडू येईल असं वाटायला लागलं म्हणून मी मोठ्यानंच बोललो.

"गंगे, ऐक. तू सुट्टीला येशील तेव्हा आधी मला शिकवायचं. रागवायचं, टपल्या मारायच्या, पण शिकवायचं. तोवर मी कदम सरांच्या नव्या शाळेत सायकलीवर जातो, पुस्तकं मागून आणतो, एकटा घोकतो. मला गणित यायला वर्ष लागू दे, दोन लागू दे. पण दर रविवारी शाळेच्या ओट्यावर पोरं बसतील आणि समोर मी असेन. पांढरपट्टे जे पैसे घेऊन शिकवतो ते सगळं मी फुकट शिकवीन. आधी मी शिकतो, मग त्यांना शिकवतो. तुला शब्द देतो."